अंक बंद करू का, अक्का?

पत्र मोठं होतं, थोडं आटोपतं करून देतेय:

"अक्का, तीन वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी मिळून नव्याने लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मुलांसाठी एक अंक सुरू केला. नफा कुणालाच नको होता. अंकासोबत चित्रकार मित्रमैत्रिणींचा ग्रुप जमला, दोन प्रदर्शनं पण केली. आता पाच जण उरलोय. मागच्या अंकाला ३८ हजार खर्च आला, ९६ पानी, ३०० प्रती. १५० रुपयांनी ११० विकल्या, बाकीचे गठ्ठे आमच्या घरात खाटेखाली आहेत. तोटा वाटून भरला. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून १४० जणांचं साहित्य न वाचता पडलंय. जांबोटीकडच्या एका मुलाने आठ महिन्यांत तीनदा विचारलं, मॅडम माझी कविता मिळाली का. मी उत्तर दिलं नाही, लाज वाटते. आता एक पुढारी म्हणतायत की पुढचा अंक पूर्ण मी छापून देतो, पहिल्या पानावर माझा फोटो आणि शुभेच्छा घाला. एक मैत्रीण कन्नडमध्ये लिहिते, तिला घ्यायचं का यावरून भांडण झालं. कुणी म्हणतं आधी संस्था रजिस्टर करा. मी नोकरी करून रात्री बारापर्यंत हेच करतेय. बंद करू का?" — थकलेली संपादक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर ना त्या पुढाऱ्यावर थांबली ना ३८ हजारांवर, ती त्या जांबोटीकडच्या पोरावर जाऊन थांबली. कारण मला तो पोरगा माहितीय. म्हणजे तोच नाही, पण तसे साठ.

नव्वदच्या दशकात आम्ही पण बेळगावच्या शहापुरात एका मैत्रिणीच्या माडीवर बसून असंच एक अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारा अंक, काढायचो, सहा वर्षं चाललं, मग एकेकाची लग्नं, बदल्या, तुला सगळं माहितीच आहे कसं होतं ते. बंद झाल्यावर कपाट रिकामं करायला बसलो तर खालच्या कप्प्यात एक पिशवी निघाली, त्यात साठेक कविता-कथा, आणि प्रत्येकीसोबत परतीचं पाकीट. तेव्हा पद्धत होती, स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट चिकटवून पाकीट सोबत जोडायचं, म्हणजे संपादकाला एक पैसा खर्च नको, फक्त चार ओळी लिहून पेटीत टाकायचं. आम्ही तेवढं पण केलं नव्हतं. बेळगुंदी, निपाणी, चंदगड, हलकर्णी, सगळीकडचे पत्ते, कुणाकुणाचं अक्षर अगदी शाळेतल्यासारखं गोल. तिकिटांचा डिंक पिवळा पडला होता. त्यातली एक मुलगी पुढे आमच्याच गल्लीत सून म्हणून आली, मी तिला विचारलं तू अजून लिहितेस का, तर म्हणाली, नाही हो अक्का, एकदा पाठवलं होतं, उत्तर नाही आलं, मग म्हटलं चांगलं नसेल. तिची कविता चांगली होती. मी ती त्या पिशवीतच पहिल्यांदा वाचली होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की अंक बंद करू नकोस, अंक लहान कर. इतका लहान कर की आलेल्या प्रत्येकाला उत्तर देऊन मग जो वेळ आणि पैसा उरेल तेवढ्यात तो मावला पाहिजे. नव्या मुलांसाठी काढलेल्या अंकात छापून येतात वीस जण, पण पाठवतात दीडशे, आणि त्या उरलेल्या एकशेतीस जणांना तुमच्याकडून मिळू शकते अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कुणीतरी वाचलं हे कळणं. मराठीत हे काही नवीन नाही. सत्यकथा मासिक १९८२ ला बंद झालं तरी लोक अजून त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांच्या पत्रांबद्दल बोलतात, कथा परत पाठवताना ते काय लिहायचे, कुठली जागा पुन्हा बघा म्हणायचे. आपल्या इकडे धारवाडला बसून कथाकार जी. ए. कुलकर्णी मुंबईच्या मासिकात लिहित होते ते पोस्टाच्या भरवशावरच ना.

आता ते १४० कसे संपवायचे. सबमिशन आजच बंद कर, जिथे साहित्य मागवता तिथे स्पष्ट लिही की अमुक तारखेपर्यंत नवीन घेत नाही, आधीच्यांना उत्तरं देतोय. लाज वाटून न घेता लिही, लोक समजून घेतात, गप्प राहिलेलं मात्र समजून घेत नाहीत. मग आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दहा-दहा वाचायचे, सात आठवड्यांत संपतात. प्रत्येक लिखाण दोघांनी वाचायचं आणि दोघांपैकी एकाने उत्तर लिहायचं, आणि उत्तरात "आपले साहित्य साभार परत" वगैरे नको, त्या लिखाणातली एक जागा दाखवायची. तिसऱ्या कडव्यात विहिरीचं जे आलंय ते खरं वाटतं, शेवटच्या चार ओळी सांगून टाकतात, त्या काढून बघ. बस्स. दहा मिनिटांचं काम आहे. नाही आवडलं तर नाही आवडलं म्हण, पण कुठे अडखळलो ते सांग. पुढच्या वेळी वर्षातून एकच महिना साहित्य मागवा, बाकी अकरा महिने दार बंद, आणि मागवताना लिहून टाका की दोन महिन्यांत उत्तर मिळेल. आणि पाठवणाऱ्याकडून फी घेऊ नका, कधीच नाही. पाचशे रुपये भरा आणि प्रातिनिधिक संग्रहात कविता छापून घ्या, वर सन्मानपत्र, हे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यात फसतात ती हीच मुलं.

एडिटिंगबद्दल एक सांगते कारण तुझ्या पत्रात ते नाहीये आणि मला वाटतं ते पैशापेक्षा मोठं आहे. आमच्या एका अंकात एका मुलाची कथा होती, त्यात आई भाकऱ्या करताना बोलते. त्याने लिहिलं होतं "पाऊस पडालाय, कुठं जायलास". प्रुफं बघणाऱ्या गृहस्थांनी चांगल्या मनाने सगळं शुद्ध करून टाकलं, "पाऊस पडत आहे, कुठे जात आहेस". अंक छापून आला, मुलगा घरी घेऊन गेला, आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली ही कोण बाई बोलायलीय? ती सगळी कथाच मेली गं त्या चार शब्दांनी. आपली सीमाभागाची मराठी, त्यात कन्नडचा हेल, अक्का-अप्पा, वाक्याच्या शेवटी "की", ती पुण्याच्या मासिकात जाईपर्यंत घासून गुळगुळीत होते, तुमच्या अंकात तरी ती जशी आहे तशी राहू दे. शुद्धलेखन तपासा, जरूर तपासा, पण बोली तपासू नका, आणि एकही बदल लेखकाला दाखवल्याशिवाय छापायचा नाही. शेवटचं प्रुफ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलं तरी चालतं. डीटीपीवाला श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, काम करत असेल तर युनिकोडमधून कन्व्हर्ट करताना "दुसऱ्या", "खऱ्या" यातला ऱ्य हमखास फुटतो, अ‍ॅ उडतो, तेवढं डोळ्यात तेल घालून बघ.

पैशाचं. ११० प्रती विकल्या म्हणजे १६,५०० आले आणि २१,५०० तुम्ही पाच जणांनी भरले, माणशी ४,३००. नुकतीच नोकरी लागलेल्या पोरांसाठी हे खूप आहे, आणि जे दोघं सोडून गेले त्यांच्यावर राग धरू नकोस, कदाचित त्यांना पुढचे चार हजार दिसले असतील आणि तोंडाने बोलवेना. पुढचा अंक ४८ पानी कर, १६ पानांचे तीन फर्मे, सेंटर पिन, प्रती फार तर १५०. छापायला टाकायच्या आधी नावं आणि पैसे गोळा करायचे, जेवढ्यांचे आले त्यावर तीस प्रती जास्त, त्यापुढे एक नाही. रंगीत चित्रांचा मोह होतो माहितीय, पण एकच रंगीत फर्मा मधोमध घाला आणि बाकी रेखाटनं काळ्या शाईत, आपल्या मुलांची पेनची रेखाटनं तशी पण मोबाईलवर काढलेल्या फोटोपेक्षा चांगली छापून येतात. पेंटिंगचा फोटो घ्यायचाच असेल तर दिवसाच्या उजेडात, सावलीत, कॅमेऱ्याने, आणि ३०० डीपीआय भरेल एवढा मोठा. खाटेखालच्या १९० प्रतींचं काय, तर त्या घेऊन उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना जा. हिवाळ्यात आपल्याकडे गावोगाव संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर तुळस घेऊन पुढे असतात, सगळं गाव मांडवात बसतं, तिथे एक टेबल टाका, पन्नास रुपयाला अंक द्या, आणि ज्यांचं लिखाण छापलंय त्यांनाच टेबलावर बसवा. एखाद्या पोराला त्याच्याच मावशीने अंक विकत घेऊन सही मागितली ना की त्या टेबलाचे सगळे कष्ट फिटतात.

पोस्टाचा हिशेब पण करून ठेव. जुनं रजिस्टर्ड बुक पॅकेट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं, पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय, पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर टॅक्स, ५ किलोपर्यंत १०० रुपये. ४८ पानी अंकाच्या तीन प्रती ३०० ग्रॅममध्ये आरामात बसतात. फक्त त्यात ठरावीक मुदतीने निघणारं प्रकाशन चालत नाही, जाहिराती चालत नाहीत, आणि मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. त्यामुळे तुमचा अंक खरंच अनियतकालिक ठेवा, पुस्तकासारखा, प्रत्येकाला वेगळं नाव आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन राय एजन्सीकडे ऑनलाईन अर्ज करायचा. आणि छापायच्या आधी डमी घेऊन एकदा पोस्टात दाखवून ये. यातून जाहिरातींचा प्रश्न पण सुटतो. दिवाळी अंकवाले जातात तशी तू पतसंस्थेकडे, सोसायटीकडे जाशील तेव्हा जाहिरात मागू नकोस, म्हण की साहेब वीस प्रती आधी विकत घ्या आणि तुमच्या नावाने गावातल्या शाळेला आणि वाचनालयाला द्या. पैसे तेवढेच येतात आणि अंक वाचणाऱ्याच्या हातात पडतो.

म्हणजे पुढाऱ्यांच्या फोटोचं उत्तर आलंच, नाही म्हणायचं. पण कसं नाही म्हणायचं ते सांगते, कारण आपण गावात राहतो आणि उद्या त्यांच्याच घरच्या लग्नात जेवायला जायचं असतं. तुम्ही पाच जणांनी आधी एक कागद करा, आमच्या अंकात कुणाचाही फोटो, शुभेच्छा, संदेश छापत नाही, मग तो कुणीही असो, आणि तो अंकातच छापा. मग जाऊन प्रत्यक्ष भेटून सांग, फोनवर नको, की अण्णा, हा सगळ्यांसाठीचा नियम आहे, तुमच्या मनातलं कळलं, तुम्ही पंचवीस प्रती घ्या आणि आपल्या गावच्या हायस्कूलला द्या. नव्वद टक्के माणसं यावर रागावत नाहीत. आणि नकार का द्यायचा हे तुझ्या ग्रुपला पण नीट समजावून सांग. आपल्या भागात भाषा आणि राजकारण किती चिकटलेलं आहे ते तुला सांगायला नको, १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हापासून इथे मराठी कवितेचं पुस्तक म्हणजे नुसतं पुस्तक राहिलेलं नाही. तुमच्या लिहिणाऱ्यांत कुणी सरकारी शाळेत शिक्षिका असेल, कुणी ग्रामपंचायतीत कामाला असेल. त्यांनी कविता दिली होती, कुणाच्या फोटोमागे उभं राहायला होकार दिला नव्हता. उद्या निवडणूक लागली, तो अंक कुणीतरी कुणालातरी दाखवला, तर त्याचा त्रास त्यांना होईल, तुला नाही.

आणि कन्नड लिहिणारी मैत्रीण, तिला घ्या गं. मला मराठीचं काही वाटत नाही असं नाही, माझ्या घरातले लोक मोर्चात चाललेले आहेत, मराठी शाळांचा पट कमी होण्याची काळजी मलाही झोपू देत नाही. पण लिहिणाऱ्यांच्या घरात या भाषा अशा वेगळ्या कप्प्यात कधी नव्हत्याच. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं. तिची कविता डाव्या पानावर कन्नडमध्ये छापा, उजव्या पानावर मराठी, आणि अनुवाद तुमच्यातल्याच कुणीतरी तिच्याशेजारी बसून करा, चहा पीत, एकेक शब्द विचारत. माझी खात्री आहे की तुमचं भांडण त्या टेबलावर मिटेल, कारण भांडण कवितेवर नाहीचे, ती आपल्यात कुणाच्या बाजूने आलीय या भीतीवर आहे. अंक मराठीच राहील. एक गोष्ट मात्र आधी ठरवा, कन्नड मजकुराचं प्रुफ कन्नड येणाराच बघेल, अंदाजाने नाही.

रजिस्ट्रेशनची घाई नको. कर्नाटकात १९६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था करायला किमान सात सभासद लागतात, तुम्ही पाच आहात, आणि आकडा भरायला काका-मामांची नावं घातलीत तर पुढे प्रत्येक सर्वसाधारण सभेला, ऑडिटला, यादी भरायला त्यांच्या सह्या शोधत फिरावं लागतं. मी फिरलेय. आणखी दोन खरी कामाची माणसं मिळेपर्यंत थांबा. तोपर्यंत एकीच्या नावावर वेगळं बचत खातं, त्यात अंकाशिवाय दुसरं काही नाही, आणि गणपती मंडळासारखं नंबर घातलेलं पावती पुस्तक, दर महिन्याला हिशेबाचा फोटो ग्रुपवर. करसवलत मिळेल असं कुणालाही सांगू नका, ते सर्टिफिकेट संस्था झाल्यावर वेगळं घ्यावं लागतं. आणि परदेशातून पैसे येणार असतील तर जपून. दुबईतल्या भारतीय पासपोर्टवाल्या भावाने त्याच्या खात्यातून पाठवले तर चालतं, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याने अंकासाठी पाठवले तर ती विदेशी देणगी धरतात आणि त्याला एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी लागते, आत्या आपलीच असली तरी.

लेखकांशी आणि चित्रकारांशी एक पानाचा करार करा, साध्या मराठीत. पहिल्यांदा छापायचा हक्क आमचा, मग सगळं तुमचं. लेखी नसेल तरी कॉपीराईट त्यांचाच असतो, पण लिहिलेलं असलं की नव्या मुलाला धीर येतो. मानधन शंभर रुपये का असेना द्या, पाकिटात घालून, नाव लिहून. चित्रकारांना विसरू नका, तुमच्या पत्रात ते "ग्रुप जमला" एवढ्या दोन शब्दांत आले म्हणून म्हणतेय. कवितेला सजावट म्हणून चित्र मागायचं नाही, चित्राला स्वतःचं पान, स्वतःचं नाव. प्रदर्शनात चित्र घेताना पावती, फ्रेमचा खर्च कुणाचा ते आधी ठरलेलं, विकलं गेलं तर किती टक्के ग्रुपला ते आधी ठरलेलं.

आणि तू रात्री बारापर्यंत जागतेस ते थांबव. मेल तू बघतेस, प्रेसला तू जातेस, हॉलची चावी परत द्यायला पण तूच जात असणार. पाच जणांत पाच कामं वाटा, एकेका वर्षासाठी, आणि वर्ष संपलं की अदलाबदल. उत्तरं लिहायचं काम मात्र पाचही जणांनी करायचं, ते कुणाला सुटणार नाही. पुढच्या वर्षी मूल झालं, बदली झाली, तर एक वर्ष अंक काढू नका आणि तसं कळवा. अनियतकालिक या शब्दात ती सोय आहेच.

आता पत्र खाली ठेव आणि त्या मुलाची कविता उघड. जांबोटीच्या पुढे नेटचा भरवसा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टिक एकच राहील, म्हणून साधा एसएमएस कर. उशीर झाला, चूक माझी आहे, कविता आज वाचली, अमुक ओळीपाशी थांबले, एवढं लिही. आणि त्याचा पोस्टाचा पत्ता मागून घे, खाटेखालचा एक अंक त्याला जाऊ दे.

— अक्का